फाइलवरचं दुसरं नाव

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात सकाळच्या रांगेतल्या फाइली मोजल्या तर रुग्णांचा आकडा कळतो. माणसं मोजली तर तो निदान दुप्पट भरतो. ज्याच्या नावाची फाइल तो बाकावर टेकलेला असतो आणि ती फाइल छातीशी धरून खिडकीपुढे उभं राहिलेलं माणूस वेगळंच असतं. बायको, भाऊ, मुलगी, मेहुणा, कधी नुकतीच बारावी झालेली पुतणी. रक्ताचा रिपोर्ट कुठल्या मजल्यावर मिळतो, पुढची तारीख कोण देतं, कोणत्या औषधानंतर दोन दिवस अन्न जात नाही, हे सगळं त्या माणसाला आठवडाभरात पाठ झालेलं असतं. त्याचं स्वतःचं नाव मात्र फाइलीत असलंच तर 'नातेवाईक' या रकान्यात, एका फोन नंबरापुरतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ या वर्षासाठी केलेल्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात कॅन्सरचे सुमारे १४ लाख १३ हजार नवे रुग्ण आढळले आणि ९ लाख १६ हजारांहून अधिक माणसं या आजाराने गेली. म्हणजे एका वर्षात किमान तितक्याच घरांत कुणीतरी नोकरी, शेत, शाळा किंवा झोप बाजूला ठेवून रुग्णाशेजारी बसलं. ग्रामीण भागातली कर्करोग नोंदणी आपल्याकडे बार्शीला १९८७ साली सुरू झाली. रुग्ण किती, कुठल्या अवयवाचा कॅन्सर, किती जगले, याचा हिशोब अशा नोंदण्या ठेवतात आणि तो अमोल आहे. शेजारी बसलेल्यांचा हिशोब कुठल्याच वहीत नाही.

या माणसाला आधार लागतो, हे कुणी नाकारत नाही. महाराष्ट्रात आधार अगदीच कमी आहे असंही नाही. मुंबई-पुण्यात तर तो चांगलाच आहे. अडचण अशी की तो शोधायचं, मागायचं आणि जुळवायचं कामही त्याच थकलेल्या माणसावर टाकलेलं आहे. ते काम त्याच्या खांद्यावरून उतरवून दुसऱ्या कुणाकडे तरी नेमून दिलं पाहिजे. रुग्णालयाने काही उचलावं, सरकारने काही, आणि नात्यागोत्याने उरलेलं.

आधी हे माणूस काय काय करतं ते नीट पाहायला हवं. भारतीय पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर तोंडाचा. जबड्याची शस्त्रक्रिया झाली की बहुतेकदा नाकातून नळी घातलेली असते आणि काही आठवडे, कधी त्याहून जास्त काळ, सगळं अन्न त्या नळीवाटे जातं. डाळीचं पाणी, दूध, मिक्सरमधून काढून गाळलेली पातळ पेज. दर दोन-तीन तासांनी, रुग्णाला बसतं करून, हळूहळू, आणि शेवटी साध्या पाण्याने नळी धुऊन. घाई केली तर ठसका, आणि अन्न श्वासनळीकडे गेलं तर न्युमोनिया. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर पोटावर लावलेली पिशवी बदलायची असते. केमोनंतर पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना ताप आला तर सकाळची वाट पाहायची नसते, रात्री दोनलाही रुग्णालय गाठायचं असतं. मॉर्फिनच्या गोळ्या दुखेपर्यंत थांबून नव्हे तर घड्याळ लावून द्यायच्या असतात. परिचारिका हे शिकायला वर्षं घालवतात. कर्जत किंवा कंधारहून आलेल्या बाईला ते डिस्चार्जच्या दिवशी, बिलाच्या आणि गाडीच्या घाईत, उभ्या उभ्या दहा मिनिटांत सांगितलं जातं.

हे झालं अंगमेहनतीचं. त्याच्या जोडीला कागद असतात. रेशनकार्ड, आधार, महात्मा फुले योजनेची मंजुरी, आरोग्यमित्राकडच्या फेऱ्या, ट्रस्टांचे अर्ज, प्रत्येक अर्जाला जोडायचं डॉक्टरांचं अंदाजपत्रक. मग गावाकडे राहिलेली पोरं, म्हातारी सासू, दुभती म्हैस. आणि दिवसभर वाजणारा फोन. मामा, मावशी, चुलते, जुने शेजारी, सगळ्यांना पहिल्यापासून तीच हकिगत ऐकायची असते आणि प्रत्येकाला एक वैद्य, एक काढा, एक बाबा ठाऊक असतो. त्यांचा जीव तुटतो म्हणून ते फोन करतात, हे खरंच आहे. पण रोज संध्याकाळी तीच वेदना दहा वेळा उगाळावी लागणाऱ्या माणसाचं काय होतं, याचा विचार कुणाच्या मनात येत नाही.

मुंबईत या माणसाला आसरा देणारी मोठी परंपरा आहे आणि तिचा अभिमान वाटायला हवा. टाटा मेमोरियलच १९४१ साली उघडलं ते लेडी मेहेरबाई टाटा यांच्या ल्युकेमियाने झालेल्या मृत्यूनंतर, कुटुंबाच्या दुःखातून. दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा गेली अनेक वर्षं कॅन्सरच्या रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना राहायला जागा आणि जेवण देते. परळची नाना पालकर स्मृती समिती १९६८ पासून रुग्णसेवेत आहे. इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ सालची, कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ ची. स्वतः कॅन्सरमधून उठलेल्या वंदना गुप्ता यांनी १९९४ मध्ये 'व्ही केअर' सुरू केली. तिचे स्वयंसेवक, ज्यांत बरे झालेले रुग्णही असतात, नव्या रुग्णांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलतात. बांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ सालचं, देशातलं पहिलं हॉस्पिस. पुण्यात वारजे इथे सिप्लाच्या केंद्रात १९९७ पासून विनामूल्य उपशामक सेवा मिळते, तिथे रुग्णाबरोबर घरचं माणूस राहतं आणि जखम धुण्यापासून अंग पुसण्यापर्यंत सगळं सवडीने शिकतं.

याच परंपरेतलं एक उदाहरण जरा थांबून पाहण्यासारखं आहे. कॅन्सर झालेल्या लहान मुलांना घेऊन मुंबईत येणाऱ्या कुटुंबांसाठी २००६ साली श्यामा आणि निहाल कविरत्ने यांनी सेंट ज्यूड केंद्रं सुरू केली. उपचार चालू असेपर्यंत मूल आणि आईवडील तिथे विनामूल्य राहतात. शिधा मिळतो, रुग्णालयात जाण्या-येण्याची सोय असते, समुपदेशन असतं. पण तिथली सगळ्यात शहाणी योजना स्वयंपाकघराची आहे. जेवण शिजवून आणून वाढलं जात नाही. स्वयंपाकघर सामाईक आणि त्यात प्रत्येक कुटुंबाची ओट्यावरची जागा वेगळी. बिहारची आई, बंगालची आई, बीडची आई शेजारी शेजारी उभ्या राहून पोळ्या लाटतात. आपल्या मुलाचे केस गळायला लागले म्हणून हादरलेल्या बाईला शेजारच्या ओट्यावरच्या आईकडून कळतं की तिच्या मुलाचे गेले होते आणि परतही आले. भाषा तोडकीमोडकी असते, पण जिचं मूल तीच गोळी घेतं तिचं बोलणं समजायला फारशी भाषा लागत नाही. कुठल्याही समुपदेशकाला हे देता आलं नसतं, आणि ते देण्यासाठी कुणी व्याख्यान ठेवलेलं नाही. नुसती ओट्यांची मांडणी विचारपूर्वक केलेली आहे.

एवढं सगळं असताना परळच्या फुटपाथवर माणसं का झोपतात? एक कारण उघड आहे: खाटा कमी, माणसं फार. दुसरं कारण कमी बोललं जातं. गावाहून पहिल्यांदा आलेल्या माणसाला यांतल्या बऱ्याच जागांची नावंच ठाऊक नसतात. ती कळतात चहाच्या टपरीवर, फुटपाथवरच्या शेजाऱ्याकडून, महिन्याभराने. तोवर दागिना मोडलेला असतो. रेल्वे कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना भाड्यात सवलत देतेच, सोबतच्या एका माणसालाही देते. स्लीपर आणि एसी थ्री टायरमध्ये रुग्णाला पूर्ण आणि सोबतच्याला ७५ टक्के. कितीतरी कुटुंबं पूर्ण भाडं भरून वर्षभर ये-जा करतात, कारण त्या प्रमाणपत्राचा कागद मागायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. टाटा मेमोरियलने टाटा समाजविज्ञान संस्थेच्या साथीने 'केवट' नावाचा प्रशिक्षणक्रम काढला, रुग्णाला आणि त्याच्या माणसांना या सगळ्या चक्रव्यूहातून वाट दाखवणारे मार्गदर्शक तयार करण्यासाठी. असे मार्गदर्शक कॅन्सरचे उपचार करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयात हवेत, अगदी खासगीतसुद्धा. पैसे असणाऱ्या माणसालाही त्या पहिल्या आठवड्यात काही सुचत नसतं.

आता घराकडे वळायला हवं. तिथली अडचण अधिक नाजूक आहे.

"काही लागलं तर सांगा हं." महाराष्ट्रात हे वाक्य कॅन्सरच्या प्रत्येक घरात शेकडो वेळा बोललं जातं, आणि बोलणाऱ्याच्या मनात खरोखर माया असते. पण या वाक्यानंतर करायचं सगळं ऐकणाऱ्याकडेच राहतं. काय लागेल ते त्याने ओळखायचं, ते कुणाला जमेल याचा अंदाज घ्यायचा, भीड मोडून फोन करायचा आणि नकार आला तर तोही गिळायचा. आपल्याकडे मागणं हे हात पसरणं मानलं जातं. नवऱ्याच्या आजारात मदत मागणाऱ्या बाईला तर दुहेरी धास्ती: माहेरी मागावं तर सासरचं नाव जातं आणि सासरी मागावं तर "हिला झेपत नाही" हा शेरा मिळतो. म्हणून ती म्हणते, "नाही, सगळं ठीक आहे." समोरचा सुटकेने घरी जातो.

त्याहून मोठी आडकाठी म्हणजे लपवाछपवी. "बाबांना सांगू नका, ते खचतील." "शेजारी कळायला नको, ताईचं लग्न ठरायचंय." "ऑफिसात अल्सर सांगितलंय." ही वाक्यंही प्रेमातूनच येतात. पण आजार लपवला की मदतीची सगळी दारं आतून बंद होतात. ज्याला काय झालंय ते माहीत नाही, तो डबा कशाचा आणणार? आणि ज्या माणसाने हे गुपित सांभाळायचं असतं त्याला रुग्णापुढे हसरा चेहरा, पाहुण्यांपुढे दुसरीच कहाणी, आणि रडायला फक्त न्हाणीघर उरतं. त्यातही बऱ्याचदा रुग्णाला सगळं कळलेलं असतं. तोही बायकोला त्रास नको म्हणून गप्प असतो. दोघं एकाच खोलीत, एकमेकांना जपत, एकेकटी. उपशामक सेवेतले डॉक्टर ही कोंडी फोडायला मदत करतात; रुग्णाला किती जाणून घ्यायचंय हे त्यालाच हळुवारपणे विचारून, आणि घरच्यांना विश्वासात घेऊन. ही मदत शेवटच्या दिवसांत मागायची नसते. निदान झालं की लगेच मागावी. अमेरिकेत झालेला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. बळावलेल्या कॅन्सरच्या रुग्णांच्या घरच्यांना परिचारिकांनी फोनवरून मार्गदर्शन केलं. काहींना निदानानंतर लगेच, काहींना तीन महिन्यांनी. ज्यांना लवकर मिळालं त्यांच्यात नैराश्य कमी आढळलं. साधा फोन होता. फक्त ठरलेल्या वेळी आणि लवकर आला.

काळजी घेणाऱ्याच्या तब्येतीबद्दलचा सगळ्यात गाजलेला अभ्यास १९९९ सालचा. रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच या संशोधकांनी अमेरिकेत ६६ वर्षांवरच्या जोडप्यांचा चार वर्षं मागोवा घेतला. जोडीदाराची काळजी घेणारे आणि त्याचा ताण जाणवणारे जे होते, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघालं. हा आकडा घाबरवण्यासाठी अनेकदा सांगितला जातो. त्याची दुसरी बाजू क्वचित सांगितली जाते, आणि तीच महत्त्वाची आहे: जे काळजी घेत होते पण ज्यांना ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात हा वाढीव धोका दिसला नाही. माणूस सेवेने मरत नाही. एकट्याने, न सुटता, न शिकवता करावी लागणारी सेवा त्याला पोखरते. म्हणून सेवा करणाऱ्याला नुसतं "धन्य आहात" म्हणण्यापेक्षा त्याला आठवड्यातून एक रात्र सलग झोप मिळवून देणं हे जास्त मोठं काम आहे.

हे ओझं कुणावर पडतं, तेही स्पष्ट म्हणायला हवं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्यांची देखभाल करताना आढळल्या, पुरुष २१.४ टक्के. देखभाल करणारी स्त्री त्यात दिवसाला सुमारे १४० मिनिटं घालवते, पुरुष ७४. यात मुलांचं संगोपनही आलं, नुसती आजारपणं नव्हेत. पण आजार आला म्हणून ही वाटणी उलटते असं कुणी म्हणणार नाही. स्तनाच्या कॅन्सरची रुग्ण शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या आठवड्यात चुलीपुढे उभी दिसते, तेव्हा तिची काळजी घेणारं माणूसही बहुतेकदा एक बाईच असते: बहीण, आई किंवा शाळा बुडवलेली मुलगी. पुरुष करत नाहीत असं नाही. आईला पाठीवर घेऊन जिने चढणारे मुलगे आणि बायकोची वेणी घालायला शिकलेले नवरे रुग्णालयात दिसतात. त्यांना मात्र आपण थकलोय हे बोलायला जागाच नसते.

आता महाराष्ट्राच्या खास जमेच्या बाजूकडे. आजाऱ्याच्या घरच्यांना एकत्र आणायचं कसं, हे या राज्याला चांगलं ठाऊक आहे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभारलं. व्यसनी माणसावर उपचार करताना त्याच्या बायकोने सोसलेलं तसंच राहून चालणार नाही, हे तिथे ओळखलं गेलं, आणि अशा स्त्रियांसाठी 'सहचरी' गट सुरू झाला. तिथे त्यांना कुणी उपदेश करत नाही. त्या एकमेकींना ओळखतात, हे पुरतं. डॉ. अवचट स्वतः पुढे कॅन्सरने आजारी झाल्या आणि १९९७ मध्ये गेल्या. त्यांच्या आजारात पती अनिल अवचट त्यांच्याजवळ कसे राहिले, हे मराठी वाचकांना त्यांच्या लेखनातून माहीत आहे. मूळचे धुळ्याकडचे आणि कॅनडात कॅल्गरीला स्थायिक झालेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांच्या पुढाकाराने पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली आणि तिथे आईवडील, भावंडं, जोडीदार यांचे स्वमदत गट भरू लागले. 'देवराई' या २००४ च्या चित्रपटामागेही वाणींचंच बळ होतं, आणि त्या चित्रपटाच्या केंद्रस्थानी भावाला सांभाळणारी बहीण आहे, हा योगायोग नव्हे. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांबरोबर त्यांच्या 'शुभंकरां'नाही, म्हणजे काळजी घेणाऱ्यांनाही, सभेत बसवतं, सहलीला नेतं.

व्यसन, मनोविकार, पार्किन्सन्स. कॅन्सरच्या घरच्यांचे असे नियमित भरणारे, मराठीत चालणारे, तालुक्याच्या गावी पोचलेले गट मात्र या तोडीने उभे राहिलेले दिसत नाहीत. कारण समजण्यासारखं आहे. व्यसन आणि मनोविकार वर्षानुवर्षं चालतात, हे घराने मान्य केलेलं असतं. कॅन्सरकडे आपण अजून एक धावपळ म्हणून पाहतो: निदान, पैसा, शस्त्रक्रिया, केमो, मग सुटलो किंवा संपलं. धावपळीत गट कोण काढणार? पण आता हा आजारही अनेक घरांत वर्षानुवर्षं चालतो. गोळ्यांवर चार-पाच वर्षं काढणारे रुग्ण आहेत, दर तीन महिन्यांच्या तपासणीआधी आठवडाभर न झोपणारी घरं आहेत. मुक्तांगणला जे जमलं ते इथेही जमेल. जागा लागेल शाळेच्या एका वर्गाची, वेळ महिन्यातून दोन तास, आणि या वाटेने आधी गेलेलं एक माणूस.

बाहेरचा धडा घ्यायचा तर केरळचा घ्यावा. कालिकतच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदना आणि उपशामक सेवेचं काम सुरू केलं. त्यातून पुढे मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत शेजाऱ्यापाजाऱ्यांची जाळी विणली गेली. प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक, त्यांत रिक्षावाले, विद्यार्थी, निवृत्त शिक्षक, आपल्या वस्तीतली अंथरुणाला खिळलेली माणसं हेरतात. परिचारिका घरी येते. आणि हे स्वयंसेवक फक्त रुग्ण पाहत नाहीत. घरात तांदूळ आहे का, मुलांची फी भरली का, हेही पाहतात. २००८ मध्ये केरळने उपशामक सेवेचं धोरण आखलं, तसं करणारं ते देशातलं पहिलं राज्य, आणि घरी जाऊन सेवा देण्याचं काम पंचायतींशी जोडलं. 'आश्वासकिरणम्' या योजनेत तर अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसालाच महिना ६०० रुपये ठरवले गेले. रक्कम तुटपुंजी आहे आणि ती वेळेवर मिळत नाही अशा तक्रारीही झाल्या. तरी सरकारी कागदावर त्या माणसाला स्वतःचं नाव मिळालं, ही गोष्ट छोटी नाही.

महाराष्ट्रात असं जाळं विणायला धागे कमी पडणार नाहीत. प्रत्येक गावात आशाताई आहे, बचत गट आहेत, भजनी मंडळ आहे, गणेशमंडळ आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांनी द्यायच्या बारा सेवांच्या यादीत वृद्धांची आणि उपशामक सेवा आधीच लिहिलेली आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे-केअर केंद्रं काढण्याची घोषणा झाली. केमो जिल्ह्यात मिळू लागली तर मुंबईची वारी आणि फुटपाथ वाचेल, हा मोठाच दिलासा. पण तेव्हा एक धोकाही आहे. संध्याकाळी केमो संपवून रुग्ण घरी जाईल, आणि रात्रीचं सगळं वॉर्डातल्या परिचारिकेऐवजी घरच्या माणसावर येईल. म्हणून या केंद्रांत खुर्च्या आणि सलाइनचे स्टँड मांडतानाच सोबतच्या माणसासाठी एक टेबल मांडलं पाहिजे.

त्या टेबलावर काय व्हावं? पहिल्याच भेटीत फाइलीला एक पान जोडलं जावं. त्यावर रुग्णासोबत राहणाऱ्याचं नाव, वय, त्याचा स्वतःचा रक्तदाब-मधुमेह, त्याची रोजी किती बुडते, घरी मागे कोण आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्या माणसाचं नाव: पहिलं थकलं, आजारी पडलं, तर कोण येईल? हा प्रश्न समाजसेवकाने विचारला की घरात बैठक होते. बायको ज्या दिराला स्वतःहून सांगू शकत नाही, त्याला रुग्णालय बोलावू शकतं. एकाच माणसावर सगळं सोडू नका, हे डॉक्टरांच्या तोंडून आलं तर ते मागणं उरत नाही, उपचाराचा भाग होतं. पुढच्या प्रत्येक भेटीत रुग्णाचं वजन पाहतात तसं या माणसाला दोन प्रश्न विचारावेत: झोप किती होते, आणि मागच्या वेळेपासून कोणी मदतीला आलं का. नळी, पिशवी, जखम, गोळ्यांचं वेळापत्रक हे करून दाखवावं आणि समोर करून घ्यावं, डिस्चार्जच्या आधी दोन दिवस. यासाठी नवी इमारत लागत नाही. समाजसेवकांची पदं लागतात, आणि ती भरलेली लागतात.

महात्मा फुले योजनेने गरिबांचा उपचारखर्च मोठ्या प्रमाणात उचलला, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी मात्र त्यात मोजली जात नाही. ऊसतोडणीच्या जोडीतला एक आजारी पडला की दुसऱ्याचीही उचल अंगावर येते. जपानमध्ये नोकरदाराला प्रत्येक आजारी नातेवाइकासाठी ९३ दिवसांची कायदेशीर काळजी-रजा आहे, तीन टप्प्यांत घेता येणारी. आपल्याकडे संघटित क्षेत्रापुरता तरी असा हक्क का नसावा? आणि रोजंदारीवरच्यांसाठी, निदान केमोच्या दिवसांपुरता, बुडीत मजुरीचा भत्ता योजनेतच जोडता येईल. पैसा लागेल. सोबतचं माणूस परवडत नाही म्हणून उपचार अर्धवट सोडले गेले तर त्याआधी त्या रुग्णावर झालेला सरकारचा खर्चही पाण्यात जातो.

सरकार करील तेव्हा करील. ज्यांच्या नात्यात, चाळीत, सोसायटीत आत्ता असं घर आहे, त्यांना थांबायचं कारण नाही. "काही लागलं तर सांगा" ऐवजी वार आणि वेळ घेऊन जावं: "वहिनी, मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळचा डबा माझ्याकडून. तिखट चालत नाही ना त्यांना?" "शनिवारी रात्री मी झोपतो दादाजवळ, तुम्ही घरी जा." ज्याला आजाऱ्याजवळ बसवत नाही त्याने कागद उचलावेत, तहसीलची खेप, योजनेचा अर्ज, रेल्वेचं प्रमाणपत्र. दूर पुण्या-नाशकात किंवा परदेशात असलेल्या भावाने फोनचं काम घ्यावं: रोज एकदा वहिनीशी बोलून बाकी साऱ्या नातेवाइकांना त्यानेच खबर द्यावी, म्हणजे तिचा फोन दिवसभर गप्प राहील. मुलांच्या शाळेतल्या बाईंना आवर्जून सांगावं, कारण घरातलं लक्ष पहिल्यांदा मुलांवरून उडतं. आणि पैसे द्यायचे असतील तर विचारत बसू नये.

हे माणूस आतून कोसळतंय असं वाटलं, जेवण सुटलं, झोप उडाली, "मीच का मरत नाही" असं तोंडून निघू लागलं, तर त्याला त्याच दिवशी मानसोपचाराची मदत मिळवून द्यावी. केंद्र सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

रुग्ण गेला तर दहाव्या-तेराव्यानंतर घर रिकामं होतं. दोन वर्षं दर तीन तासांनी उठणारी बाई त्यानंतरही दर तीन तासांनी जागी होते. हातात काम नसतं, डोक्यावर कर्ज असतं, आणि आपण काही कमी पडलो का हा प्रश्न असतो, ज्याचं उत्तर फक्त उपचार केलेला डॉक्टर देऊ शकतो. चांगल्या उपशामक सेवेत मृत्यूनंतरही घरच्यांची विचारपूस होते; महिन्याने एक फोन किंवा एक भेट. जिल्ह्याजिल्ह्यांत निघणाऱ्या नव्या केंद्रांच्या कामाच्या यादीत ही भेटही लिहिलेली असावी, तारखेसह आणि ती कुणी द्यायची त्याच्या नावासह.